रात्रपाळी

बर्फाच्या कारखान्यात रात्री दोघंच जागे असतात :
अमोनियाचा कॉम्प्रेसर आणि मी.
दर वीस मिनिटांनी काटा बघायचा,
वहीत दाब लिहायचा
आणि पुन्हा पाण्यात उतरायचं.

पाणी म्हणजे टेबलावरचं,
कोपरा फुटलेल्या लॅपटॉपमधलं.
शंभर पावलांवर देवगडची जेटी आहे,
तिथल्या पाण्यावर डिझेल, कोलंबीची सालं, एखादी चप्पल.
त्यात मी कधी उतरलो नाही.
मला पोहता येत नाही.

इथे मात्र दीडशे तास बुडालेला आहे मी.
तळाशी काचेचं घर बांधलंय,
शेवाळ खातो, खारं पाणी गाळून पितो.
सगळे जीव नोंदवून झाले :
दात विचकणारे, काळोखातून अंगावर येणारे,
ज्यांच्यासाठी पहिल्या आठवड्यात
मी हेडफोन काढून ठेवायचो.
ते सोपे होते.
जे अंगावर येतात ते सापडतात.

एकच चौकट रिकामी. तिच्यात नुसती सावली,
आणि सावलीखाली नाव नाही.
मी तिला वायली म्हणतो.
ती येते म्हणे दिवे विझवल्यावर,
इंजिन बंद, हातपाय न हलवता,
टाकीत पंचेचाळीस सेकंद उरलेले असताना,
म्हणजे वर जाण्यापुरती हवा
संपून गेल्यावर.

अकरा वेळा बुडालो.
अकरा वेळा तीच पाटी : पुन्हा सुरू करा?
एकदा शेपटी दिसली.
कदाचित काचेवरचा ओरखडा असेल.

पावणेचारला तातू कुबल येतो, तांडेल,
चाळीस लाद्या सांगतो, पस्तिसांचे पैसे मोजतो.
आज खुर्चीमागे उभा राहिला, ओल्या बंडीचा वास घेऊन.
'काय शोधतंस?'
'एक मासो.'
'गावलो तर काय करतलंस?'
'नोंद.'
'मगे?'
'मगे काय नाय. चौकट भरता.'

तो बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, कुणकेश्वराच्या समोर,
अठरा वाव पाण्यात, लग्नाच्या आदल्या वर्षी,
नाकावर करवत असलेला आला होता जाळ्यात.
एका बाजूचे दात त्याने मोजले होते. एकोणीस.
दुसऱ्या बाजूचे मोजायचे राहिले,
कारण तो डोळा उघडून बघत होता.
'जाळा कापलंय. नवा हुता.'
'फोटो?'
'तेव्हा खयचो फोटो.'
महिन्याने खात्याचा माणूस आला कागद घेऊन.
कागदात बांगडा होता, सुरमई, पापलेट, मुशी,
शेवटी एक खण : इतर.
'तेना थय येक रेघ मारल्यान,' तातू म्हणाला,
'उभी. बारकी.'

मी लाद्या काढायला आत गेलो.
दिवे विझवलेलेच होते, इंजिन बंद,
हवा मोजकी, आणि मला थांबवता आलं नाही,
क्रशर सुरू झाला होता.
चाळीस लाद्या. हाताची बोटं मेली.
बर्फ टबांत पडताना जो आवाज होतो
त्यात बाकी काही ऐकू येत नाही.

परत आलो तेव्हा तातू माझ्या खुर्चीत होता,
दोन्ही हात मांडीवर, माउसपासून लांब,
जसं कोणी देवघरात बसतं, किंवा दवाखान्यात.
पडद्यावर पाटी : पुन्हा सुरू करा?

'इली हुती,' तो म्हणाला.
'कशी? कशी हुती?'
त्याने तोंड उघडलं, हात थोडे लांब केले,
मग जवळ घेतले,
मग खाली सोडले.
'बर्फ इरघळता,' म्हणाला, आणि टब ओढत गेला.
पैसे दिले. या खेपेला चाळिसांचे.

चार वाजून दहा. दाब बारा.
वहीत शेऱ्याचा रकाना असतो,
त्यात मी कधी काही लिहिलेलं नाही.
बाहेर त्याच्या होडीचं इंजिन
दोनदा खोकून लागलं,
आणि खाडीच्या तोंडापर्यंत
त्याने दिवा लावला नव्हता.